तिथीची पाऊणपट आणि शेवटच्या वर्षाचा गणित प्रोजेक्ट

प्रश्न थोडक्यात असा आहे: गणिताचे चौथे वर्ष, कॉलेज रत्नागिरी जिल्ह्यात, संशोधन प्रकल्प एकट्याने करायचा आहे. गाईड आहेत, पण त्यांचा विषय वेगळा. हाताशी आठ महिने आहेत. ग्राफ थिअरी घ्यावी, नंबर थिअरी घ्यावी की समुद्राशी संबंधित काही, आणि घेतलेले पुरे कसे करावे?

आधी विषय ठरवायचा आणि प्रश्न मागाहून शोधायचा, असा क्रम लावला की प्रोजेक्ट तिथेच अडतो. ‘ग्राफ थिअरी’ हा विषय झाला, तो प्रश्न नव्हे. ‘ग्राफ थिअरीचे उपयोग’ हे तर शीर्षकही नव्हे. त्यातून चाळीस पानांची व्याख्यांची यादी तयार होते आणि शेवटी काय सिद्ध केले ते सांगता येत नाही. तुमचा प्रश्न एका वाक्यात बसला पाहिजे, त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह पाहिजे आणि उत्तर कोणत्या रूपात येईल ते आधीच सांगता आले पाहिजे: एखादी संख्या, एखादी अट, किंवा हो-नाही. तसा प्रश्न होईपर्यंत त्याला कापत राहायचे. पहिले पाच-सहा आठवडे यातच जातात आणि ते वाया गेले असे समजू नका. अर्धा प्रोजेक्ट तिथेच होतो.

लहान प्रश्न म्हणजे हलका प्रश्न नव्हे. डहाणूला १९०५ साली जन्मलेले द. रा. कापरेकर देवळालीला शाळेत शिकवत होते. चार अंकी संख्येचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करत राहिले की ६१७४ येतात, हे त्यांनी १९४९ साली शोधले. (चारही अंक सारखे नसावेत, एवढीच अट.) संगणकावर सगळ्या संख्या चालवल्या की दिसते, जास्तीत जास्त सात पायऱ्या लागतात. पण ते झाले पाहणे. गणित पुढे सुरू होते. अंक उतरत्या क्रमाने क, ख, ग, घ घेतले तर वजाबाकी होते ९९९(क − घ) + ९०(ख − ग). म्हणजे निकाल फक्त दोन फरकांवर ठरतो. पहिला फरक १ ते ९, दुसरा ० पासून पहिल्याइतका. जोड्या मोजा: २ + ३ + … + १० = ५४. दहा हजार संख्यांचे काम ५४ ओळींवर आले आणि त्या ओळी हाताने तपासून सिद्धता पुरी होते. तुमच्या प्रोजेक्टमध्ये असे ‘दहा हजाराचे ५४’ एकदा तरी झाले पाहिजे. नुसता प्रोग्रॅम चालवून तक्ता छापला तर परीक्षक पहिलाच प्रश्न विचारतात, ‘का?’ कापरेकरांच्या पद्धतीवर पाच अंक, इतर पाया वगैरे भरपूर काम आधीच झालेले आहे. तिकडे जायचे असेल तर सुरुवातीच्या चार-पाच संख्या पूर्णांक-क्रमांच्या ऑनलाइन विश्वकोशात टाकून पाहा. तुमचा क्रम तिथे सापडला तर वाईट वाटून घेऊ नका, दोन महिने वाचले.

आता समुद्राचे. किनाऱ्यावर राहणाऱ्या विद्यार्थ्याने भरती-ओहोटी घ्यावी असे माझे स्पष्ट मत आहे, कारण प्रश्न आयता समोर उभा आहे. कोळ्यांचा जुना हिशेब असा: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमीला सहा, चतुर्थीला तीन, पौर्णिमेला सव्वाअकरा. एक वाक्य, एक गुणक. प्रश्न असा लिहा: हा गुणक ३/४ च का, आणि तो किती चुकतो?

पहिली पायरी एका पानात होते. तिथी म्हणजे चंद्र-सूर्यातील १२ अंशांचे अंतर. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. १२ भागिले १५ म्हणजे ०.८ तास, ४८ मिनिटे. गुणक ३/४ नव्हे, ४/५ हवा! दर तिथीला तीन मिनिटे कमी पडतात. पौर्णिमेला १२ ऐवजी ११:१५ येतात आणि प्रतिपदेला हिशेब पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो, म्हणून ती ४५ मिनिटांची तूट पुढे साचत नाही. नियमाचा आलेख करवतीच्या दातांसारखा होतो, हे काढून दाखवा.

इथे बहुतेक जण थांबतात. थांबू नका. चंद्राच्या भरतीबरोबर सूर्याचीही भरती असते. चंद्राच्या मुख्य घटकाला एम-२ म्हणतात, आवर्तन १२.४२ तास. सूर्याचा एस-२, आवर्तन बरोबर १२ तास. दोन्ही एका दिशेने आले की उधाण (सर्वांत मोठी भरती), एकमेकांच्या विरुद्ध गेले की भांग (सर्वांत लहान). दोन्हींची बेरीज त्रिकोणमितीने करा. सूर्याच्या आणि चंद्राच्या भरतीच्या उंचीचे गुणोत्तर ‘ग’ आणि दोघांमधला कलाकोन ‘थ’ (न व्या तिथीला २४न अंश; १२ ची दुप्पट, कारण दिवसाला भरत्या दोन) मानला तर एकत्रित भरती निव्वळ चंद्राच्या भरतीपेक्षा ‘फ’ या कोनाने पुढे येते, आणि

टॅन फ = ग साइन थ ÷ (१ + ग कोसाइन थ).

फ चा एक अंश म्हणजे दोन मिनिटे. म्हणून भरतीची वेळ, मिनिटांत: ४८न − २फ. यात मिळवायचा बंदराचा स्वतःचा एक स्थिरांक, तो प्रत्येक बंदराला वेगळा.

समजा ग = ०.४. चतुर्थीला थ = ९६ अंश, साइन ०.९९४५, कोसाइन −०.१०४५. अंश ०.३९७८, छेद ०.९५८२, फ = २२.५ अंश, म्हणजे ४५ मिनिटे. वेळ १९२ − ४५ = १४७ मिनिटे, २ वाजून २७. पाऊणपटीचा हिशेब ३ सांगतो. एकादशीला सममितीने चिन्ह उलटते: ५२८ + ४५ = ५७३, म्हणजे ९:३३. पाऊणपट ८:१५ सांगते. चतुर्थीला नियम ३३ मिनिटे उशिरा, एकादशीला ७८ मिनिटे लवकर. ही दोन उदाहरणे हाताने केल्याशिवाय प्रोग्रॅम लिहायला बसू नका. प्रोग्रॅममधली अंश-रेडियनची चूक अशीच सापडते.

आता मोहात पाडणारी अटकळ: ‘उधाणाच्या दिवसांत भरती रोज ४८ पेक्षा कमी मिनिटांनी मागे पडते, म्हणून नियमात ४५ आले असावेत.’ सुरुवात बरोबर आहे. अवकलन केले की उधाणाला तिथीमागे ४८ ÷ १.४ = ३४ मिनिटे येतात आणि भांगाला ४८ ÷ ०.६ = ८०. पण संपूर्ण पक्षावर लघुतम वर्ग पद्धतीने सरळ रेषा बसवली तर तिचा उतार ४८ च्या खाली जात नाही, वर जातो: ग = ०.४ ला जवळपास ५३ मिनिटे. कारण सूर्यामुळे पहिल्या निम्म्या पक्षात वेळा अलीकडे येतात आणि दुसऱ्या निम्म्यात पलीकडे जातात, त्यामुळे रेषा अधिक तिरपी होते. अटकळ पडली. सूर्य पाऊणपटीच्या बाजूने साक्ष देत नाही. मग ३/४ कशासाठी? पूर्वी पावकी, निमकी, पाऊणकी तोंडपाठ असायची आणि होडी काढायच्या वेळी तोंडी हिशेबाला चार-पंचमांशापेक्षा पाऊण सोपे, हा माझा तर्क. तो तर्क म्हणूनच लिहावा, निष्कर्ष म्हणून नाही. पडलेली अटकळ मात्र प्रबंधात ठेवा, कारणासकट. तोच तुमच्या कामाचा कणा आहे.

याच सूत्रातून एक छोटे, स्वच्छ प्रमेय निघते: भरती सरासरीपेक्षा कमी मिनिटांनी मागे पडते अशा तिथींचे प्रमाण म्हणजे ‘ज्याचा कोसाइन −ग आहे तो कोन भागिले १८० अंश’. ग = ०.४ ला ११३.६ ÷ १८०, सुमारे ६३ टक्के. म्हणजे बहुतेक दिवशी भरती सरासरीपेक्षा कमी सरकते आणि भांगाच्या थोड्या दिवसांत सगळी कसर भरून काढते. सिद्धता अर्ध्या पानाची आहे. ती स्वतः करा.

मोजणीकडे वळू. सगळ्यात मोठी चूक इथे होते. भारतीय सर्वेक्षण विभागाचे भरतीचे तक्ते किंवा हैदराबादच्या इन्कॉइसचे (महासागर माहिती सेवा केंद्राचे) अंदाज उतरवून घ्यायचे आणि त्यावर आपले सूत्र बसवायचे. उत्तर सुरेख जुळते. जुळणारच, कारण ते आकडे अशाच आवर्ती घटकांच्या बेरजेतून काढलेले असतात. एका सूत्राने दुसरे सूत्र तपासले, समुद्राला काही विचारलेच नाही. अंदाज वापरायला हरकत नाही, पण ‘हे अंदाज आहेत, निरीक्षणे नव्हेत’ असे प्रबंधात ठळक लिहा आणि सोबत थोडी तरी स्वतःची मोजणी ठेवा.

स्वतःची मोजणी अवघड नाही, पण माथ्यावर डोळा ठेवून भरतीची वेळ मिळत नाही. माथ्याशी वक्र सपाट असतो. आयाम एक मीटर धरला तर माथ्याच्या आधी-नंतर दहा मिनिटांत पाणी जेमतेम साडेतीन मिलिमीटर हलते, आणि धक्क्याला आपटणाऱ्या लाटा असतात काही सेंटिमीटरच्या. उलट माथ्यापासून दीड तासावर पाणी मिनिटाला सहा मिलिमीटरच्या आसपास चढते किंवा उतरते. म्हणून धक्क्याच्या खांबावर दर १० सेंटिमीटरला रंगाची खूण करा. (बंदर खात्याच्या माणसाला आधी विचारून.) माथ्याखाली साधारण २०, ३० आणि ४० सेंटिमीटरच्या खुणांना पाणी चढताना कधी लागले आणि उतरताना कधी सुटले, ते लिहा. चढताना १०:१२, उतरताना १:०४, तर मध्य ११:३८. तीन खुणांचे तीन मध्य पाच मिनिटांच्या आत आले तर त्यांची सरासरी घ्या. खालच्या खुणेचा मध्य दर वेळी पुढे सरकत असेल तर जागा चुकली आहे: खाडीच्या आत पाणी भरते लवकर आणि ओसरते सावकाश. उघड्या समुद्राच्या बाजूचा धक्का बघा. लाटांसाठी एक सोय: तळाशी भोके पाडलेला पारदर्शक पाइप खांबाला बांधला की आतली पातळी पुष्कळ शांत राहते.

दिवसाला एक भरती, पूर्ण चांद्रमास, म्हणजे तीस नोंदी. बहुतेक दिवशी उजेडात एक भरती मिळते. मोजणीची चूक पाच मिनिटांची आणि शोधायचा परिणाम ४७ मिनिटांपर्यंतचा (ग = ०.४ ला फ ची कमाल २३.६ अंश), त्यामुळे साध्या खुणांवरही तो दिसतो. अज्ञात तीन: बंदराचा स्थिरांक, ग, आणि उधाण पौर्णिमा-अमावास्येनंतर किती उशिरा येते तो काळ. किनाऱ्यावरच्या कोणालाही विचारा, सर्वांत मोठे पाणी पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी येते. हा तिसरा अज्ञात विसरलात तर ग चुकीचा येईल आणि चूक कुठे आहे ते कळणार नाही.

वेळेच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी. घड्याळ ८२.५ अंश रेखांशाचे, रत्नागिरी ७३.३ वर. ९.२ गुणिले ४ म्हणजे ३७ मिनिटांचा फरक बंदराच्या स्थिरांकात मिसळतो, तो वेगळा काढून दाखवा. आणि पंचांगातली सूर्योदयाची तिथी पूर्णांक म्हणून वापरू नका. तिथी कधी २० तासांच्या आसपास असते, कधी २६ तासांहून मोठी, मधूनच क्षय किंवा वृद्धी येते. समाप्तीच्या वेळा घेऊन भरतीच्या क्षणी तिथीचा किती भाग सरला ते दशांशात काढा.

ज्यांना तासागणिक पातळीचा डेटा मिळेल त्यांनी घटक वेगळे करायला किती दिवस लागतात हे आधी पाहावे. एम-२ आणि एस-२ साठी १४.७७ दिवस, चंद्राच्या लंबवर्तुळाकार कक्षेमुळे येणाऱ्या एन-२ ला एम-२ पासून सोडवायला २७.५५ दिवस, दिवसातून साधारण एकदाच येणाऱ्या के-१ आणि पी-१ या घटकांसाठी तब्बल १८२.६ दिवस. दहा दिवसांच्या डेटावर आठ घटक बसवले तर संगणक आकडे देईल, पण त्यांना अर्थ नसेल. आव्यूहाची कंडिशन संख्या (मोजणीतली चूक उत्तरात किती फुगेल ते सांगणारी) छापून पाहा, तिथे खरे काय ते कळते.

वेळापत्रक कोकणातले धरा, विद्यापीठाचे नव्हे. पावसाळ्यात धक्क्यावर मोजणी होत नाही. ते महिने वाचनाचे आणि सिद्धतांचे. गणपतीत दहा-बारा दिवस काहीही होणार नाही, ते आधीच वजा करा. मोजणीला सर्वांत सोयीचा काळ दिवाळीचा: लक्ष्मीपूजनाच्या अमावास्येपासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत कार्तिकाचा शुद्ध पक्ष सलग मिळतो, त्यातले बरेचसे दिवस सुट्टीत. पुढचा वद्य पक्ष कॉलेज सांभाळून. डिसेंबर-जानेवारी हिशेब आणि लेखन. शिमगा नेमका प्रबंध जमा करायच्या तोंडावर येतो, म्हणून पहिला पूर्ण मसुदा फेब्रुवारीच्या मध्याला गाईडच्या हातात असला पाहिजे.

गाईडचा विषय वेगळा आहे याची फार काळजी करू नका. त्यांना भरतीचे ज्ञान नसले तरी सिद्धतेतले भोक दिसते, आणि तुम्हाला तेच हवे आहे. दर आठवड्याला अर्धा तास मागा आणि जाताना एक पान घेऊन जा: काय मांडले, कुठे अडले, पुढे काय करणार. कोरे जाऊन ‘सर, काय करू?’ विचारले तर तिसऱ्या आठवड्यापासून भेटी थांबतात.

वाचन कमी आणि खोल. दोन-तीन लेख पुरतात. लेख हातात आला की सारांश आणि मुख्य प्रमेय वाचा, मग सरळ सर्वांत लहान उदाहरण घेऊन ते प्रमेय आकड्यांत करून पाहा. सिद्धता त्यानंतर. झेडबीमॅथ ही गणिती लेखांची ऑनलाइन सूची आता सर्वांना मोफत खुली आहे, त्यातल्या परीक्षणांवरून एखादा लेख उघडायचा की नाही हे दहा मिनिटांत कळते.

लेखन पहिल्या महिन्यापासून लाटेकमध्ये. निकालाचे प्रकरण आधी, मग पद्धत, प्रस्तावना सर्वांत शेवटी. प्रत्येक व्याख्येपुढे पेन्सिलीने लिहा, पुढे ती कोणत्या पानावर वापरली. पान सापडले नाही तर व्याख्या काढा. तीस ते चाळीस पानांत सगळे बसते. फाईल दोन ठिकाणी ठेवा, आणि ऑनलाइन संपादकावर विसंबून राहू नका: वाऱ्या-पावसात लाईट आणि नेट दोन्ही एकदम जातात. मूळ नोंदवही, ओल्या पानांसकट, जपून ठेवा. परीक्षक ती मागतात. एखादी नोंद वगळली असेल तर खोडू नका, शेजारी कारण लिहा. एआयकडून सिद्धता लिहून घेतली तर ती गुळगुळीत दिसते आणि मधली एक ओळ पोकळ असते. फळ्यावर एकट्याने उतरवता येत नाही ते प्रबंधात घालू नका.

व्हायवात हमखास येणारा प्रश्न अटींवरचा असतो. इथे तो असा येईल: ग एकापेक्षा लहान धरलात, मोठा असता तर? उत्तर तयार ठेवा. १ + ग कोसाइन थ ही राशी तेव्हा काही ठिकाणी ऋण होते, आणि थ ची एक फेरी होताना फ सुद्धा पूर्ण एक फेरी मारतो. मग ४८न मधून पक्षाअखेर ७२० मिनिटे पुरती वजा होतात, सरासरी सरकणे शून्य. भरती चंद्राला सोडून सूर्याच्या मागे जाते आणि रोज घड्याळाच्या ठरावीक वेळांच्या आसपासच येते. ताहिती बेटावर जवळपास तसेच होते, भरती दुपारी आणि मध्यरात्रीच्या सुमाराला. तिथल्या कोळ्याला तिथी विचारायची गरज पडत नाही. फळ्यावर केंद्र १ आणि त्रिज्या ग असलेले वर्तुळ काढा. आरंभबिंदू त्याच्या बाहेर असेल तर आपला किनारा, आत असेल तर ताहिती. चित्र काढायला अर्धा मिनिट लागतो, आणि अट कशासाठी घातली ते त्यातच दिसते.